पाणी, केसपेपर आणि पुढची दोन वर्षं

ॲसिड अंगावर पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं डॉक्टरांच्या हातात नसतात आणि पोलिसांच्याही नसतात. ती असतात चहाच्या टपरीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, जिन्यात भेटलेल्या शेजारणीच्या हातात. हल्ला झालेल्या बायकांसोबत दवाखाना, पोलीस ठाणं, विधी सेवा प्राधिकरण आणि कोर्ट अशा फेऱ्या करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना एक सवय लागली आहे. केसपेपर हातात आला की आधी पाण्याची नोंद शोधायची: पाणी कधी ओतलं आणि किती वेळ. पुढची दोन वर्षं कशी जाणार, याचा निम्मा अंदाज तिथेच येतो. उरलेला निम्मा अंदाज येतो तो पहिल्या दवाखान्याने दिलेल्या कागदावरून. या दोन गोष्टी चुकल्या की त्या पुढे कुणालाच पूर्ण दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो आहोत.

पाणी साधं हवं, वाहतं हवं आणि भरपूर हवं. नळ, हापशी, टाकीचा पाइप, पाण्याचा जार, जे हाताशी असेल ते. कमीत कमी वीस मिनिटं, आणि डोळ्यांत गेलं असेल तर तीस मिनिटं तरी. घड्याळ लावून मोजावं, कारण अशा वेळी दोन मिनिटं वीस मिनिटांसारखी वाटतात. वीस लिटरचा जार तांब्याने ओतला तर चार-पाच मिनिटांत रिकामा होतो. म्हणजे एक जार पुरत नाही. कुणाला तरी लगेच दुसऱ्या पाण्याच्या सोयीला पिटाळायचं.

इथे हात आखडतो तो शाळेतल्या एका धड्यामुळे. ‘ॲसिडमध्ये पाणी ओतू नये, पाण्यात ॲसिड ओतावं’ हे पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि पाणी टाकलं तर आणखी भाजेल अशी भीती वाटते. प्रयोगशाळेतल्या भरलेल्या चंचुपात्रासाठी तो नियम बरोबर आहे. त्वचेवर मात्र ॲसिडचा पातळ थर असतो आणि वरून येणारं पाणी त्याच्या शेकडो पट असतं. निर्माण होणारी उष्णता त्या धारेबरोबरच वाहून जाते. धोका आहे तो थोड्या पाण्याचा. ओला रुमाल दाबणं, ओल्या चादरीत गुंडाळणं, बाटलीभर पाणी शिंपडणं यात ॲसिड धुतलं जात नाही, उष्णता मात्र अंगात राहते.

खायचा सोडा किंवा चुना लावून ॲसिड ‘मारायचा’ प्रयत्न करू नये. त्या क्रियेतही उष्णता निघते. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई, बर्फ यांतलं काहीही नको. हळद आणि शाई तर डॉक्टरांनाही आंधळं करतात, जखमेचा खरा रंग दिसत नाही. रंगाला महत्त्व आहे: नायट्रिक ॲसिडने त्वचा पिवळी पडते, तीव्र सल्फ्युरिकने तपकिरी-काळी. बाटलीवर लेबल नसेल तर रसायनाचा पहिला सुगावा तिथूनच मिळतो.

पाणी चालू असतानाच कपडे काढायचे. कुर्ता डोक्यावरून ओढून काढला की छातीवरचं ॲसिड चेहऱ्यावरून फिरतं. म्हणून समोरून किंवा बाजूने कात्रीने कापायचा. चिकटलेला तुकडा ओढायचा नाही, त्याच्यावरून पाणी सोडत राहायचं. मंगळसूत्र, कानातलं, बांगड्या, घड्याळ काढायचं. त्याखाली ॲसिड साचून राहतं आणि तासाभरात सूज आली की निघतही नाही. मदत करणाऱ्याने हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात आणि घसरणाऱ्या पाण्यात अनवाणी उभं राहू नये.

डोळा धुताना मान अशी कलवायची की पाणी नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूला वाहील, म्हणजे चांगला डोळा वाचतो. पापण्या आवळून घेतल्या जातातच, त्या बोटांनी उघडाव्या लागतात. तेव्हा तिच्याशी बोलत राहावं: ‘ताई, पाणीच आहे, डोळा उघडा ठेवायचाय, मी धरलाय.’ चोळायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर पाण्याबरोबर सुटते. ॲसिड पाजलं गेलं असेल तर उलटी करवू नये. वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. आवाज घोगरा झाला, खोकला सुरू झाला, लाळ गिळता येईना, तर श्वासनलिकेत इजा आहे असं समजून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात तेच सांगायचं. चेहरा बघून सगळे चेहऱ्यामागे धावतात आणि श्वासाकडे दुर्लक्ष होतं.

पाणी सुरू झाल्यावर दुसऱ्या माणसाने १०८ आणि ११२ ला फोन करावा. वीस मिनिटं संपण्याआधी गाडी आली तर गाडीतही बाटल्यांनी धार चालू ठेवावी. थंडी वाजत असेल तर न भाजलेला भाग कोरड्या चादरीने झाकावा.

पहिला दवाखाना

जवळचा गाठायचा. ‘इथं सोय नाही, सरळ शहरात न्या’ हे उत्तर बहुतेक वेळा गेटवरच मिळतं आणि नातेवाईक बिचारे ऐकतात. ते ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१५ च्या आदेशात स्पष्ट केलं आहे की, सोय नाही म्हणून कोणताही दवाखाना, सरकारी असो वा खाजगी, ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्तीला परत पाठवू शकत नाही. प्रथमोपचार करायचे, प्रकृती स्थिर करायची आणि मगच पुढे पाठवायचं. उपचार मोफत, आणि त्यात औषधं, जेवण, खाट आणि पुढच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही आल्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये हीच जबाबदारी आहे, आणि ती टाळणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

काउंटरवर कायदा सांगून भांडण्यापेक्षा एक वाक्य जास्त कामाला येतं: ‘डॉक्टर, ॲसिड हल्ल्याची केस आहे, आधी धुऊन घ्या आणि एमएलसी करा.’ एमएलसी म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची दवाखान्यातली नोंद. डिपॉझिट मागितलं तर ती मागणी लेखी द्या, असं शांतपणे म्हणावं. लेखी सहसा येत नाही, उपचार सुरू होतात.

आत गेल्यावर पुन्हा धुणं होतं, या वेळी सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटने. डोळ्याला लिटर-दोन लिटर लागणं नेहमीचं आहे. धुणं कधी थांबवायचं हे पीएचची (आम्लता मोजणारी) पट्टी ठरवते: पापणीच्या आतल्या खोबणीत लावलेली पट्टी सातच्या आसपास आली पाहिजे आणि काही मिनिटांनी पुन्हा तपासली तरी तिथेच राहिली पाहिजे. ही पट्टी मागे लागून तपासून घ्यावी. पापणी उलटी करून आतला भाग धुतला का, हेही विचारावं. धनुर्वाताचं इंजेक्शन, वेदनाशामक, शिरेतून द्रव हे होतंच. नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी हवेत, ‘उद्याच्या ओपीडीत दाखवा’ चालत नाही.

आता तो कागद. २०१५ च्याच आदेशाप्रमाणे, ज्या दवाखान्यात प्रथम उपचार झाले त्याने ‘ही व्यक्ती ॲसिड हल्ल्याची पीडित आहे’ असं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पुढचे मोफत उपचार, शस्त्रक्रिया आणि प्रत्येक योजनेचा अर्ज त्याच्यावर चालतो. त्यात हल्ल्याची तारीख-वेळ, दवाखान्यात आल्याची वेळ, रसायन, भाजलेले भाग नावानिशी, दोन्ही डोळ्यांची दृष्टी आणि सही-शिक्क्यासह डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. दुसऱ्या दवाखान्यात हलवण्याआधी तो हातात घ्यावा. नंतर मागायला गेलं की ड्युटीवरचे डॉक्टर बदललेले असतात आणि रजिस्टर ‘रेकॉर्ड रूमला गेलेलं’ असतं.

या कागदावर दोन चुका पुन्हापुन्हा होतात. एक, ‘अपघाताने रसायन सांडले’ अशी नोंद. हल्ला नवऱ्याने किंवा सासरच्या माणसाने केला असेल तर केसपेपर काढायला तोच किंवा त्याचाच भाऊ उभा असतो आणि ती नोंद तो सांगतो. म्हणून परिचारिकेला विनंती करून हल्ला झालेल्या बाईशी दोन मिनिटं एकांतात बोलावं आणि तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावावं.

दुसरी चूक टक्केवारीची. भाजण्याचं प्रमाण शरीराच्या पृष्ठभागावर मोजतात. संपूर्ण डोकं आणि चेहरा मिळून नऊ टक्के, म्हणजे नुसता चेहरा साडेचार टक्क्यांच्या आसपास. चेहरा पूर्ण गेलेली मुलगी कागदावर ‘पाच टक्के भाजलेली’ ठरते. वैद्यकीय दृष्टीने ते खरं आहे, पण सरकारी भरपाईच्या तक्त्यात (तो पुढे ‘पैसे’ या भागात आहे) वीस टक्क्यांखालची इजा सगळ्यात खालच्या रांगेत येते. त्याच तक्त्यात ‘चेहरा विद्रूप होणे’ ही सगळ्यात वरची स्वतंत्र रांग आहे आणि तिला टक्केवारीची अट नाही. म्हणून आकड्याबरोबर ‘चेहऱ्याला कायमची विद्रूपता’ हे शब्द कागदावर यायला हवेत. ते एक वाक्य लिहिलं गेलं नाही म्हणून लाखांचा फरक पडतो.

पोलीस

गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्द कुणाची हा पोलिसांचा आपसातला प्रश्न. झिरो एफआयआर करून ते वर्ग करतात. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम १२४ लागतं, त्याआधीच्यांना भारतीय दंड संहितेची ३२६-अ आणि ३२६-ब ही २०१३ साली आलेली कलमं. १२४(१) मध्ये किमान दहा वर्षं ते जन्मठेप, आणि दंड तिच्या उपचाराचा खर्च भागेल इतका व तिलाच द्यायचा. १२४(२) प्रयत्नासाठी आहे, पाच ते सात वर्षं. ॲसिड चुकलं, भिंतीवर पडलं तरी हा गुन्हा आहे. फेकणंच नव्हे, पाजणंही यात येतं. ड्रेनेज साफ करायचा कॉस्टिक सोडा रसायनशास्त्रात ॲसिड नसला तरी कायद्याच्या स्पष्टीकरणात बसतो, कारण तिथे जाळणारा, कुरतडणारा कोणताही पदार्थ धरला आहे. ‘जखम भरेल, किरकोळ आहे’ या युक्तिवादालाही उत्तर तिथेच आहे: इजा कायमची असलीच पाहिजे अशी अट नाही.

फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. दवाखान्यातल्या खाटेवर जबाब घेता येतो, आणि तात्पुरतं का होईना शारीरिक अपंगत्व आलं असेल तर तो तिच्या सोयीच्या जागी घ्यायचा व त्याचं चित्रीकरण करायचं. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद करायलाच नकार दिला तर कलम १९९ खाली त्या अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे. आमच्या मते हे कलम ठाण्यात ओरडून सांगण्यापेक्षा पोलीस अधीक्षकांना दिलेल्या अर्जात लिहिणं आणि त्याची पोच घेणं जास्त परिणामकारक ठरतं.

बोलता येत नसेल तर लिहून, तेही नसेल तर खुणेने जबाब होतो. मुंबईत २ मे २०१३ ला वांद्रे टर्मिनसवर प्रीती राठी या नौदलाच्या रुग्णालयात रुजू व्हायला निघालेल्या परिचारिकेवर ॲसिड फेकलं गेलं. घसा आणि फुप्फुसं भाजल्यामुळे ती चिठ्ठ्या लिहून बोलत होती. १ जूनला ती गेली. तपासात आधी भलत्याच तरुणाला अटक झाली, खरा आरोपी सापडायला पुढचं वर्ष उजाडलं. २०१६ मध्ये फाशी आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयात ती जन्मठेपेत बदलली. तोंडावर रुमाल बांधून आलेला हल्लेखोर ओळखणं किती अवघड असतं, हे त्या प्रकरणाने दाखवलं.

म्हणून पुरावा पहिल्या दोन दिवसांत. कपडे धुऊ किंवा फेकू नयेत. ॲसिड कापड खातच राहतं, त्यामुळे मुद्देमाल लवकरात लवकर न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला पाहिजे. कपडे काचेच्या बरणीत किंवा ॲसिडला दाद न देणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले तर टिकतात. जमिनीवरचे डाग, रिकामी बाटली, झाकण यांचा पंचनामा हवा. फेकणाऱ्याच्या हातावर, मनगटावर, बुटांवर थेंब उडालेले असतात, त्यामुळे संशयिताची वैद्यकीय तपासणी लगेच व्हावी असा अर्ज द्यावा. आठवड्यात त्या खुणा पुसट होतात. सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत पुसलं जातं, म्हणून दुकानांची नावं लिहून ते जप्त करण्याची लेखी विनंती करावी.

आणि बाटली कुठून आली, हे विचारावंच. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २०१३ च्या आदेशानुसार किरकोळ ॲसिड विकणाऱ्याला नोंदवही ठेवावी लागते. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, किती घेतलं, कशासाठी घेतलं, सरकारी फोटो ओळखपत्र. अठरा वर्षांखालच्याला विक्री बंद. साठा प्रांताधिकाऱ्यांकडे जाहीर करायचा, उल्लंघनाला पन्नास हजारांपर्यंत दंड. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांनाही जबाबदार माणूस नेमून नोंद ठेवायची आहे. प्रत्यक्षात संडास धुण्याचं ॲसिड हातगाडीवर जुन्या बाटल्यांत विकलं जातं आणि बॅटरीचं पाणी गॅरेजमध्ये कुणीही भरून देतं. याचा आम्हाला संताप येतो. बांगलादेशने २००२ साली विक्रीचा परवाना आणि जलद खटले यांचे दोन वेगळे कायदे केले आणि वर्षाला चारशेच्या वर गेलेले हल्ले पुढे झपाट्याने खाली आणले. आपल्याकडे आकडा वर्षाला दोनशेच्या आसपास रेंगाळतो आहे. दुकानाची वही तपासावी आणि विक्रेत्याचा जबाब घ्यावा, ही मागणी तपास अधिकाऱ्याकडे प्रत्येक प्रकरणात लेखी करावी.

पैसे

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, फी नाही, वकील लावावा लागत नाही. शंका असेल तर १५१०० वर विचारावं. एफआयआरची प्रत पोलिसांनीच तिथे पाठवायची असते, पण त्यावर विसंबू नये.

ॲसिड हल्ल्यात किमान भरपाई तीन लाख, ही २०१३ च्या आदेशाने घातलेली पायरी आहे. त्यातले एक लाख प्रकरण कळल्यापासून पंधरा दिवसांत आणि दोन लाख त्यापुढच्या दोन महिन्यांत. दोषसिद्धीची वाट पाहायची नसते. आरोपी सापडला नसला तरी भरपाई मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत चेहरा विद्रूप झाल्यास सात ते आठ लाख, पन्नास टक्क्यांवर इजा असल्यास पाच ते आठ, पन्नासच्या आत तीन ते पाच, वीसच्या आत तीन ते चार. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे आणि तिची कमाल रक्कम दहा लाख आहे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून आणखी एक लाख मिळतात, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. एका सरकारी योजनेतली रक्कम दुसरीत धरली जाते, म्हणून अर्जात आधी मिळालेलं सगळं प्रामाणिकपणे लिहावं. लपवलेलं नंतर निघालं की फाइल अडते.

सोबत लागतं ते असं: एफआयआर, पहिल्या दवाखान्याचं प्रमाणपत्र, केसपेपर, आधार, तिच्या नावचं बँक पासबुक, फोटो आणि झालेल्या खर्चाची बिलं. बिल नसलेला खर्चही लिहावा: रिक्षा, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. अर्जाच्या प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि पोच घ्यावी. पंधरा दिवस झाले की त्या आवक क्रमांकाने लेखी स्मरणपत्र द्यावं. मंजूर रक्कम कमी वाटली तर तीस दिवसांत राज्य प्राधिकरणाकडे अपील करता येतं, ही मुदत बहुतेकांची हुकते.

राष्ट्रीय योजनेत मिळालेल्या रकमेचे पंचाहत्तर टक्के निदान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जातात, पंचवीस टक्के वापरता येतात, आणि व्याज दर महिन्याला खात्यावर जमा होतं. शिक्षण किंवा शस्त्रक्रियेसाठी ठेव आधी मोडायची असेल तर प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. शस्त्रक्रियेचं डॉक्टरांचं पत्र जोडलं तर अडचण येत नाही.

शरीर

वॉर्डमधून घरी सोडतात तेव्हा घरच्यांना वाटतं, संपलं. खरं तर व्रण आवळायला तिथून सुरुवात होते.

सगळ्यात आधी पापण्या. आठवड्यांत त्या आखडून वर-खाली ओढल्या जातात आणि डोळा पूर्ण मिटत नाही. झोपेत बुबुळ उघडं राहून सुकतं, व्रण पडतो आणि ॲसिडातून वाचलेली नजर तेव्हा जाते. हे टाळता येतं, म्हणून आम्ही याच्यावर हट्टाने बोलतो. घरी आल्यावर रात्री टॉर्च मारून बघावं, झोपेत पांढरं दिसतंय का. दिसत असेल तर दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. अश्रूंसारखे थेंब दिवसभर, रात्री मलम, गरज पडल्यास पापण्या अर्धवट शिवणं किंवा त्वचा लावून मोकळ्या करणं. बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळल्या असतील तर दुसऱ्या डोळ्यातला कणभर तुकडा घेऊन रोपण होतं, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत विकसित झालेली ही पद्धत आता इतर ठिकाणीही केली जाते.

मग मान. हनुवटी छातीकडे ओढली जाते. म्हणून मान भाजलेल्या रुग्णाला उशी द्यायची नाही, उलट खांद्यांखाली घडी केलेला टॉवेल ठेवायचा. घरच्यांना हे क्रूर वाटतं आणि ते रात्री गुपचूप उशी सरकवतात. कान भाजला असेल तर त्या कुशीवर झोपायचं नाही; कानाच्या कूर्चेत पू झाला की कान विरघळतो. तोंडाची मापणी बोटांनी होते: साधारण माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. दोनच मावू लागली की थेरपिस्टला सांगून तोंड ताणून ठेवणारा स्प्लिंट घ्यायचा, कारण एकच बोट मावेल तेव्हा भूल देणंही अवघड होतं.

प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारं घट्ट कापड, चेहऱ्यासाठी मुखवट्यासारखं, मापाने शिवून घ्यावं लागतं. दिवसातले तेवीस तास, व्रण पक्का होईपर्यंत, म्हणजे वर्ष ते दीड वर्ष किंवा जास्तच. दोन जोड लागतात, एक धुवायला. कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं, इस्त्री नाही. दोन-तीन महिन्यांत ताण सैल पडतो, मग ते फक्त कापड उरतं आणि बदलावं लागतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात खाज असह्य होते आणि बहुतेक जणी तेव्हाच ते सोडून देतात. खाजेवर गोळ्या मिळतात, थंड पट्टीने बरं वाटतं, हे वेळेवर सांगितलं तर पुष्कळ जणी टिकतात. आतून सिलिकॉनची पट्टी, दिवसातून तीन-चार वेळा व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून दाबून मालिश, उन्हात छत्री आणि सनस्क्रीन.

खाण्यावर घरोघरी एक गैरसमज असतो, डाळ आणि अंड्याने जखमेत पू होतो असा. याच्या उलट आहे. भाजलेल्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला पंचाहत्तर ते शंभर ग्रॅम. वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. तोंड उघडत नसेल तर डाळीचं सरबरीत कढण, दूध पावडर घातलेलं दूध, शेंगदाण्याच्या कुटाची पेज, सगळं जाड नळीने.

त्वचा स्वतःच्याच मांडीवरून घेतात. ती जागा लावलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते, हे आधी सांगून ठेवावं. अंग जास्त भाजलं असेल तर तात्पुरतं झाकण म्हणून त्वचापेढीतली त्वचा वापरतात. मुंबईत सायन रुग्णालयात २००० साली अशी पेढी सुरू झाली, ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांत मांडी-पाठीवरचा पातळ थर घेतात, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये तो पाच वर्षांपर्यंत राहतो. रक्तगट जुळावा लागत नाही. नेत्रदान माहीत असलेल्या घरांतही हे माहीत नसतं.

आरसा कधी बघायचा, हे तिने ठरवायचं. पहिल्यांदा बघताना वॉर्डातली परिचारिका किंवा समुपदेशक जवळ असावी. घरातले आरसे लपवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, की मोबाईलचा काळा पडदाही आरसाच असतो.

दाखले आणि ओळख

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ॲसिड हल्ला पीडित’ हा प्रकार आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं. चाळीस टक्के किंवा जास्त आलं की सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात ज्या एक टक्का गटात कुष्ठमुक्त आणि मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेले येतात, त्यातच हा प्रकार येतो. डोळा गेला असेल तर दृष्टीचीही तपासणी त्याच वेळी मागावी, म्हणजे एकत्रित टक्केवारी निघते. कायद्याची व्याख्या ‘फेकल्यामुळे विद्रूप’ अशी आहे. ज्यांना ॲसिड पाजलं गेलं त्यांची अन्ननलिका गेलेली असते, चेहरा शाबूत असतो, आणि त्या या शब्दांबाहेर पडतात. हा मोठा अन्याय आहे.

आधारवरचा जुना फोटो आणि नवा चेहरा जुळत नाही. चेहरा झाकायला हात वर गेलेला असतो, त्यामुळे बोटांचे ठसेही उमटत नाहीत. त्वचारोपण स्थिरावल्यावर आधार केंद्रात बायोमेट्रिक नव्याने नोंदवावं. ठसे येत नसतील तर अपवाद म्हणून नोंद करता येते. बँकेच्या ॲपमध्ये ‘डोळे मिचकवा’ असं सांगितलं जातं, आणि पापण्या नसलेली बाई तिथेच अडते. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीला मिचकावण्याखेरीज इतर मार्ग ठेवण्याचे निर्देश दिले. शाखेत जाताना त्या निकालाची प्रत घेऊन जावी आणि कागदोपत्री केवायसी मागावी. खातं एकटीच्या नावाने उघडावं, जोडखातं नको. मुदत ठेवीचं व्याज दर महिन्याला तिथेच येणार असतं. आणि फॉर्मवर मोबाईल नंबर लिहिताना भावाचा किंवा नवऱ्याचा नाही, तिचाच लिहावा.